दोन सह्यांमधले नऊ दिवस

‘फायनान्सिंग्ज लिमिटेड विरुद्ध स्टिम्सन’ हा खटला इंग्लंडच्या अपील न्यायालयाने १९६२ साली निकालात काढला. करार-कायद्याच्या पाठ्यपुस्तकांत तो बहुधा दोन वाक्यांत आटोपतो. प्रस्ताव स्वीकारला जाण्याआधी मागे घेता येतो, हे पहिले. आणि ज्या वस्तूसाठी प्रस्ताव दिला ती वस्तूच बिघडली तर प्रस्तावही संपतो, हे दुसरे. परीक्षेला एवढे पुरते. पण त्या निवाड्यात आलेल्या तारखा, दोन रकमा आणि एका छापील फॉर्मातली तीन कलमे एकमेकांशेजारी ठेवून वाचली, तर त्यांतून मोटारविक्रीच्या धंद्यातला एक चमत्कारिक काळ उलगडतो. गाडी ग्राहकाच्या दारात उभी आहे, अनामत डीलरच्या गल्ल्यात गेली आहे, आणि ज्या फायनान्स कंपनीच्या पैशांवर हा सगळा व्यवहार चालायचा तिने अजून ‘हो’ म्हटलेले नाही. या मधल्या दिवसांत गाडी कोणाची आणि तिचे बरेवाईट झाले तर ते कोणाच्या माथी, हा प्रश्न त्या एका गाडीपुरता उरला नाही. त्याचे उत्तर लिहिण्यात न्यायाधीश आणि संसद यांची पुढची कित्येक वर्षे गेली.

आधी तारखा. १६ मार्च १९६१ रोजी ग्राहकाने डीलरकडे ३५० पौंडांची एक गाडी पाहिली. ती त्याला हप्त्याने, म्हणजे तिथल्या पद्धतीप्रमाणे हायर-पर्चेसवर हवी होती. डीलरने फायनान्स कंपनीचा छापील फॉर्म पुढे केला आणि त्याने सही केली. १८ मार्चला ७० पौंड भरून तो गाडी घेऊन गेला. २० मार्चला गाडी पसंत नाही म्हणून त्याने ती डीलरकडे परत आणून सोडली, आणि वर सांगितले की ७० पौंड बुडाले तरी चालतील, पण ही गाडी नको. २४ च्या रात्री किंवा २५ च्या पहाटे डीलरच्या आवारातून गाडी चोरीला गेली. सापडली तेव्हा ती बरीच मोडलेली होती. आणि २५ मार्चलाच, गाडी परत आल्याचे किंवा चोरीचे काहीही ठाऊक नसताना, फायनान्स कंपनीने त्या फॉर्मावर आपली सही केली.

१९६१ चे कॅलेंडर उघडले की या तारखांना वार मिळतात. १६ मार्च हा गुरुवार. गाडी घरी आली शनिवारी, परत गेली सोमवारी. म्हणजे गाडी ताब्यात राहिली ती शनिवार-रविवारपुरती, आणि नवा आठवडा उजाडताच मालकाने, खरे तर होऊ घातलेल्या ग्राहकाने, हात जोडले. चोरी शुक्रवारच्या रात्रीची. कंपनीची सही शनिवारची. सोमवार ते शनिवार या पाच दिवसांत ‘गिऱ्हाईक माघारी गेले’ ही एवढी बातमी डीलरच्या कचेरीतून कंपनीच्या कचेरीपर्यंत पोचली नाही. पुढचा सगळा दावा या न पोचलेल्या निरोपावर उभा राहिला.

आता रकमा. ३५० पैकी ७० पौंड म्हणजे बरोबर एक पंचमांश. हा आकडा ग्राहकाच्या खिशावरून किंवा डीलरच्या मर्जीवरून ठरलेला दिसत नाही. ब्रिटिश सरकारने एप्रिल १९६० पासून हप्त्याच्या खरेदीवर पुन्हा निर्बंध आणले होते: किमतीच्या किमान २० टक्के रक्कम आधी भरायची आणि बाकी २४ महिन्यांत फेडायची. जानेवारी १९६१ मध्ये ही मुदत ३६ महिन्यांपर्यंत वाढवली गेली, पण २० टक्क्यांची अट राहिली. बाजारातली मागणी आवरायला किंवा सैल सोडायला तेव्हाचे अर्थमंत्री हा नळ पिरगळत असत. तेव्हा आपल्या ग्राहकाने भरलेले ७० पौंड म्हणजे सरकारने परवानगी दिलेली कमीत कमी रक्कम होती. एवढ्या तुटपुंज्या पायावर गाडी हलवायची, तर बाकीचे २८० पौंड देणारी कंपनी हवीच. आणि तीच अजून व्यवहारात उतरलेली नव्हती.

याच ३५० च्या आकड्यातून आणखी एक गोष्ट निघते, आणि माझ्या मते ती जास्त महत्त्वाची आहे. हप्त्याने वस्तू घेणाऱ्याला संरक्षण देणारा कायदा इंग्लंडमध्ये १९३८ सालीच झाला होता. जॅरोच्या खासदार एलन विल्किन्सन यांनी तो खासगी विधेयक म्हणून आणला. बहुतेक हप्ते फेडलेल्या घरातून, एखादा हप्ता चुकला म्हणून, व्यापाऱ्याची माणसे फर्निचर उचलून नेत. त्याला आळा घालण्यासाठी त्या कायद्याने ठरवले की एक तृतीयांश किंमत फिटल्यावर न्यायालयाच्या हुकमाशिवाय वस्तू काढून नेता येणार नाही. मात्र कायद्याला रकमेची मर्यादा होती. इतर बहुतेक वस्तूंना १०० पौंड, आणि मोटारींना केवळ ५० पौंड. १९३८ मध्ये मोटार ही सुखवस्तू माणसाची चीज समजली जात होती, आणि ज्याला मोटार परवडते तो स्वतःचे पाहून घेईल, असा हिशेब त्यामागे असावा. १९५४ मध्ये मोटारींसाठी ही मर्यादा ३०० पौंडांवर नेली. आपल्या ग्राहकाच्या गाडीची रोख किंमतच ३५०. हप्त्यांची एकूण बेरीज त्याहून जास्तच होणार. म्हणजे तो ५० पौंडांहून अधिक फरकाने कायद्याच्या छत्राबाहेर उभा होता. त्याच्याजवळ होता तो सामान्य करार-कायदा, आणि त्याच्याविरुद्ध जाण्यासाठी लिहिलेला तो फॉर्म.

हा फॉर्म असा का होता, हे कळायला पियानोच्या एका जुन्या खटल्याकडे जावे लागते. २३ डिसेंबर १८९२ रोजी एका पियानोविक्रेत्याने एक पियानो ग्राहकाला ‘भाड्याने’ दिला. दरमहा १० शिलिंग ६ पेन्स भाडे. छत्तीस महिने भाडे भरले की पियानो ग्राहकाचा. छत्तीस हप्त्यांचे होतात ३७८ शिलिंग, म्हणजे १८ गिनी. तीच कागदावर लिहिलेली पियानोची किंमत. पण ग्राहक कधीही पियानो परत करून मोकळा होऊ शकत होता. चारेक महिन्यांत त्याने तो पियानो एका गहाणवटी सावकाराकडे ठेवून पैसे उचलले. आता पियानो विक्रेत्याचा की सावकाराचा? १८८९ च्या कायद्यानुसार, वस्तू ‘विकत घेण्याचे कबूल केलेल्या’ माणसाच्या ताब्यात ती असेल आणि तिसऱ्याने ती त्याच्याकडून सद्भावाने घेतली, तर त्या तिसऱ्याचा हक्क टिकत असे. हाऊस ऑफ लॉर्ड्सने १८९५ मध्ये ‘हेल्बी विरुद्ध मॅथ्यूज’ या निकालात सांगितले की या ग्राहकाने विकत घेण्याचे कबूल केलेलेच नव्हते; त्याला घ्यायचा हक्क होता, घ्यायची बांधिलकी नव्हती. पियानो विक्रेत्याकडे परत गेला.

व्यापाऱ्यांनी हा निकाल हाताशी धरला, आणि पुढे त्यात फायनान्स कंपनी शिरली. तिने व्यवहाराला तिसरा कोन दिला. डीलर गाडी ग्राहकाला विकत नाही, कंपनीला विकतो. कंपनी ती ग्राहकाला भाड्याने देते. कागदावर डीलर आणि ग्राहक यांच्यात विक्री अशी होतच नाही. ग्राहक ज्या माणसाशी बोलतो, ज्याच्या शब्दावर विसंबतो, ज्याच्या हातात पैसे ठेवतो, तो करारातला पक्ष नाही. आणि जी कंपनी करारातला पक्ष आहे तिचे तोंडही त्याने पाहिलेले नसते. या रचनेचे फायदे कंपन्यांनी पुरेपूर घेतले. १९५६ सालच्या एका खटल्यातली बुइक गाडी ग्राहकाने पाहिली तेव्हा उत्तम चालत होती. करार झाल्यावर एका रात्री ती त्याच्या दारात आणून टाकली गेली, तेव्हा तिचे सिलिंडर हेड सुटे होते, व्हॉल्व्ह जळलेले होते, दोन पिस्टन मोडलेले होते. आणि करारात मात्र कंपनी गाडीच्या स्थितीची कसलीही हमी देत नाही असे कलम होते. त्या कलमाच्या आड लपायला न्यायालयाने कंपनीला जागा दिली नाही, ही गोष्ट वेगळी.

तर आता १६ मार्चच्या फॉर्मातली तीन कलमे. पहिले असे की हा करार कंपनीच्या वतीने सही झाल्यावरच कंपनीवर बंधनकारक होईल. दुसऱ्यात ग्राहक मान्य करतो की सही करण्याआधी आपण गाडी तपासली आहे आणि ती चांगल्या स्थितीत आहे. तिसऱ्यात म्हटले आहे की कंपनी गाडी विकत घेईल त्या क्षणापासून गाडीची जोखीम ग्राहकाची. पहिले कलम कंपनीने स्वतःच्या सोयीसाठी लिहिले. ग्राहकाची पत तपासायची, डीलरचा भाव पाहायचा, आणि नको वाटले तर फॉर्म फेकून द्यायचा, यासाठी तिला मोकळीक हवी होती. म्हणून वर ‘करार’ असे ठळक छापलेला तो कागद प्रत्यक्षात नुसता ग्राहकाचा अर्ज होता. पण अर्ज एकतर्फी असतो, तसा तो मागेही एकतर्फीच घेता येतो. कंपनीच्या वकिलाने स्वतःसाठी उघडे ठेवलेले दार ग्राहकालाही उघडेच होते. हे ग्राहकाला ठाऊक नव्हते, असे त्याच्या ७० पौंड सोडून देण्याच्या तयारीवरून दिसते.

शनिवार ते सोमवार त्याने गाडी कोणत्या नात्याने वापरली? भाडेकरू म्हणून नव्हे, कारण भाड्याने देणाऱ्या कंपनीची सही नव्हती, इतकेच नव्हे तर कंपनीने गाडी अजून घेतलीही नव्हती. गाडी डीलरचीच होती, आणि डीलरच्या परवानगीने ती ग्राहकाकडे होती. म्हणजे सोमवारी त्याने गाडी डीलरकडे नेऊन सोडली तेव्हा ती तिच्या मालकालाच परत मिळाली. शुक्रवारी रात्री ती मालकाच्या आवारातून चोरीला गेली. इतके सरळ असताना कंपनीने मोडकी गाडी विकून टाकली आणि कमी पडलेल्या पैशांसाठी ग्राहकावर दावा लावला. तिचे म्हणणे असे की तू आम्हाला प्रस्ताव दिला होतास, माघार घेतल्याचे आम्हाला कळवले नाहीस, आम्ही २५ तारखेला सही केली, करार झाला, आता तो मोडल्याची भरपाई दे.

अपील न्यायालयात लॉर्ड डेनिंग, न्यायमूर्ती डोनोव्हन आणि न्यायमूर्ती पिअर्सन असे तिघे बसले होते. निकाल दोनास एक असा ग्राहकाच्या बाजूने लागला. पिअर्सन यांनी वेगळे मत नोंदवले. बहुमताची कारणे दोन आहेत, आणि त्यांची ताकद सारखी नाही.

पहिले कारण डीलरच्या भूमिकेबद्दलचे. डेनिंग यांनी धंद्यात प्रत्यक्षात काय चालते ते पाहिले. कंपनीचे फॉर्म डीलरकडे असतात. तोच ते ग्राहकापुढे ठेवतो, भरून कंपनीकडे पाठवतो, पहिली रक्कम घेतो, कंपनीने होकार दिला की तोच ग्राहकाला कळवतो. एवढे सगळे कंपनीसाठी करणाऱ्या माणसाकडे ‘मला नको’ हा निरोप दिला, तर तो कंपनीलाच दिला असे का मानू नये? तेव्हा माघार २० मार्चलाच पुरी झाली. व्यवहारी शहाणपण म्हणून हे पटते. पण डीलर हा मुळात आपला माल खपवणारा स्वतंत्र व्यापारी असतो, आणि त्याला कंपनीचा मुखत्यार म्हणणे हे त्या फॉर्माच्या आणि डीलर-कंपनीच्या आपसातल्या व्यवस्थेच्या पलीकडे जाणारे होते. पिअर्सन यांनी पुढे १९६४ च्या ‘मर्कंटाइल क्रेडिट विरुद्ध हॅम्ब्लिन’ या निकालात हे नेमके मांडले: डीलर नेहमीच कंपनीचा मुखत्यार असतो असेही नाही आणि कधीच नसतो असेही नाही, एखाद्या ठरावीक कामापुरता तो असू शकतो, एरवी तो आपल्याच धंद्यासाठी वागत असतो.

दुसरे कारण मला अधिक भक्कम वाटते, कारण ते कंपनीच्याच कागदातून काढलेले आहे. ग्राहकाने ‘गाडी तपासली, चांगली आहे’ असे लिहून दिले. म्हणजे त्याचा प्रस्ताव चांगल्या स्थितीतल्या गाडीसाठी होता. जोखीम ग्राहकावर येणार ती कंपनीने गाडी घेतल्यापासून, असे फॉर्मच म्हणतो; याचा अर्थ त्याआधी ती त्याच्यावर नव्हती. मग प्रस्ताव आणि स्वीकृती यांमधल्या काळात गाडी मोडली, तर मूळ प्रस्ताव स्वीकारायला उरतोच कुठे? डेनिंग यांनी रोल्स-रॉइसचे उदाहरण घेतले: आज मोठ्या किमतीचा प्रस्ताव दिला आणि उद्या, तो मान्य होण्याआधी, गाडीचे जबर नुकसान झाले, तर देणारा बांधला जाईल का? त्यांचे उत्तर नाही असे होते. डोनोव्हन यांनी हेच उलट बाजूने विचारले, की आपला प्रस्ताव मान्य होईपर्यंत गाडीचे काहीही झाले तरी दुरुस्तीचे पैसे मी देईन, असे कोणता शहाणा माणूस कबूल करील? या कारणासाठी डीलर कोणाचा मुखत्यार आहे हे ठरवण्याचीही गरज नाही. मोडलेल्या गाडीवर केलेली २५ मार्चची सही त्यामुळे वाया गेली.

ती सही आठवडाभर आधी पडली असती तर काय झाले असते, याचे चित्र जवळच्याच एका खटल्यात आहे. जुलै १९५९ मध्ये एका ग्राहकाने बेडफर्ड डॉर्मोबाइल गाडी हायर-पर्चेसवर घेतली. एकूण किंमत ४८२ पौंड १० शिलिंग, सुरुवातीला १०५ पौंड, आणि पुढे छत्तीस हप्ते. एक हप्ता भरल्यावर सप्टेंबरमध्ये त्याने कंपनीला पत्र लिहिले की अनपेक्षित वैयक्तिक अडचणींमुळे पुढचे हप्ते भरता येणार नाहीत, याचा खेद वाटतो. आणि गाडी परत केली. कंपनीने करारातले कलम दाखवले: गाडी परत करा, पण एकूण किमतीच्या दोन तृतीयांश रक्कम पुरी करून द्या. म्हणजे आणखी सुमारे २०६ पौंड. गाडीही कंपनीकडे आणि तिची दोन तृतीयांश किंमतही कंपनीकडे. हा खटला हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला आणि जानेवारी १९६२ मध्ये निकाल लागला. त्यात सगळा कीस पडला तो त्या अदबशीर पत्राचा. ग्राहकाने गाडी परत करण्याचा आपला हक्क बजावला, की करार मोडला? मोडला असेल तर ती रक्कम दंड ठरून बेकायदा. हक्क बजावला असेल तर दंडाचा नियम लागूच होत नाही, अशी तेव्हाची विचारसरणी. बहुमताने पत्राचा अर्थ करार मोडला असा लावला आणि ग्राहक सुटला. त्या वेळी लॉर्ड्समध्ये बसलेल्या डेनिंग यांनी या तर्काची विसंगती उघडी केली: करार मोडणाऱ्याला न्याय सवलत देतो आणि पाळणाऱ्याला शिक्षा! त्यानंतर काही महिन्यांतच ते अपील न्यायालयाचे प्रमुख झाले आणि आपल्या ७० पौंडवाल्याचे अपील त्यांच्यापुढे आले.

त्या ७० पौंडांचा प्रश्न राहिलाच. करार झालाच नव्हता, तर आधी भरलेली रक्कम कोणी कशापोटी ठेवायची? फायनान्स फिसकटल्यावर ग्राहकाच्या मनात पहिला प्रश्न हाच येतो, आणि डीलर व कंपनी एकमेकांकडे बोट दाखवतात. याचे उत्तर १९६८ मध्ये ‘ब्रॅन्व्हाइट विरुद्ध वुस्टर वर्क्स फायनान्स’ या खटल्यात मिळाले. ग्राहकाने डीलरकडून ४३० पौंडांची रोव्हर ठरवली आणि आपली जुनी फोर्ड १३० पौंडांना बदल्यात दिली. फॉर्मावर त्याने कोरी सही केली. डीलरने नंतर त्यात किंमत बरीच फुगवून लिहिली आणि फॉर्म कंपनीकडे पाठवला. ग्राहक एका किमतीला तयार होता, कंपनी दुसऱ्या. मने जुळलीच नाहीत, म्हणून करार शून्य. आता जुनी फोर्ड किंवा तिचे १३० पौंड कोण परत देणार?

पाच लॉर्ड्सपैकी तिघांनी सांगितले की डीलर अनामत घेताना कंपनीचा मुखत्यार नव्हता. रीड आणि विल्बरफोर्स यांना ते पटले नाही. विल्बरफोर्स यांचा रोख डेनिंग यांच्यासारखाच धंद्याच्या प्रत्यक्ष रीतीकडे होता. पण पैसे मिळण्याबाबत मात्र सगळे एक झाले, आणि त्याचे कारण हिशेबाच्या कागदात आहे. डीलरने कंपनीला गाडीची पूर्ण किंमत लावली होती आणि त्यातून ‘ग्राहकाकडून मिळालेले १३० पौंड’ वजा करून उरलेलेच मागितले होते. म्हणजे कंपनीने १३० पौंड हातात घेतले नसले तरी तेवढे तिचे वाचले. तिच्या खात्याला ते जमा झाल्यासारखेच होते. त्या बदल्यात ग्राहकाला काहीच मिळाले नाही, तेव्हा ते परत करायला हवेत. मुखत्यारीच्या मोठ्या वादात जे ठरेना ते वजाबाकीच्या एका ओळीने ठरले.

गंमत अशी की १९६८ मध्ये लॉर्ड्स ज्या कल्पनेला नकार देत होते, ती संसदेने आधीच कायद्यात लिहून टाकली होती. ग्राहक-संरक्षणावरच्या मोलोनी समितीचा अहवाल १९६२ मध्ये आला आणि १९६४ मध्ये हायर-पर्चेसचा नवा कायदा झाला. मर्यादा ३०० वरून एकदम २,००० पौंडांवर गेली, म्हणजे जवळपास सगळ्या सामान्य मोटारी आत आल्या. आणि ज्याने ग्राहकाशी बोलणी केली तो माणूस, ग्राहकाची माघार स्वीकारण्यापुरता, कंपनीचा मुखत्यार समजला जाईल असे ठरले. सोमवारी डीलरला सांगितले म्हणजे कंपनीला सांगितले: डेनिंग यांचे पहिले, कच्चे कारण अशा रीतीने पक्के झाले. ब्रॅन्व्हाइटचा व्यवहार त्या कायद्याच्या आधीचा असल्याने त्याला याचा उपयोग नव्हता.

१९७४ च्या ग्राहक-कर्ज कायद्याने हे अधिक नीट बांधले. करार होण्याआधी माघार घेतली तर भरलेले पैसे परत, आणि माघार डीलरला कळवली तरी चालते. ‘पुढे मी तुमच्याकडूनच कर्ज घेईन’ असे आधी लिहून घेतलेले बंधन शून्य. बदल्यात दिलेल्या जुन्या गाडीसाठी या कायद्यात स्वतंत्र कलम आहे: दहा दिवसांत ती तशाच स्थितीत परत करा, नाही तर ठरलेला भाव रोख द्या. व्यवहार मोडला तरी आपली जुनी गाडी अडकून राहील ही जी भीती ग्राहकाला डीलरच्या मुठीत ठेवते, ती या एका कलमाने काढून घेतली.

अमेरिकेत त्या भीतीवर एक सबंध विक्रीतंत्र उभे राहिले. तिथे कागदाची रचना उलटी असते: डीलर स्वतःच ग्राहकाला उधारीने गाडी विकतो आणि मग तो उधारीचा करार बँकेला विकतो. बँकेचा होकार येण्याआधीच गाडी घरी पाठवायची, याला ‘स्पॉट डिलिव्हरी’ म्हणतात. काही दिवसांनी फोन येतो की बँकेने नाकारले, परत या आणि जास्त व्याजाच्या कागदावर सही करा. जुनी गाडी तर केव्हाच विकली. इलिनॉय राज्याच्या कायद्यात यावर सरळ तरतूद आहे: ग्राहकाची पत नाकारली तर आधी भरलेले सगळे परत द्यायचे, मग ते पैसे असोत वा वस्तू; चौकशीचा खर्च किंवा वस्तूची घसरलेली किंमत म्हणून त्यातून काही कापायचे नाही. केंद्रीय कायद्याप्रमाणे कर्ज नाकारणाऱ्याने अर्जापासून ३० दिवसांत तसे कळवावे लागते आणि ग्राहकाला कारणे मागता येतात. ‘बँक नाही म्हणाली’ एवढ्यावर भागत नाही. या तंत्राबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने डीलरवर पहिली कारवाई केली ती २०१६ मध्ये, लॉस एंजेलिसच्या सेज ऑटो ग्रुपच्या नऊ विक्रीकेंद्रांवर. आरोपांत इतरही फसव्या प्रथा होत्या. २०१७ मध्ये ३६ लाख डॉलरहून अधिक रक्कम भरण्याच्या अटीवर तडजोड झाली.

आपल्याकडे हायर-पर्चेसचा स्वतंत्र कायदा संसदेने १९७२ साली केला खरा, पण तो कधी अंमलात आला नाही आणि २००५ मध्ये रद्द झाला. त्यामुळे १६ मार्चच्या ग्राहकासारखा माणूस इथे जाऊन थडकतो तो १८७२ च्या करार अधिनियमावर. आणि तो जुना कायदा या एका मुद्द्यावर त्याला उदार आहे. कलम ४ आणि ५ एकत्र वाचली तर स्वीकृती देणाऱ्याच्या हातून ती सुटून प्रस्तावकाकडे निघेपर्यंत प्रस्ताव मागे घेता येतो. कंपनीच्या टेबलावर पडलेली नुसती सही पुरेशी नाही. ती रवाना व्हायला हवी. फॉर्मातल्या एकतर्फी कलमांसाठी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘अनुचित करार’ ही व्याख्या आली आहे. वाजवी कारणाशिवाय एकाच पक्षाला करार संपवण्याची मुभा, अवाजवी अनामत, नुकसानीच्या प्रमाणात न बसणारा दंड, हे सगळे तिच्यात मोडते. अशी तक्रार करू पाहणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे, की ती जिल्हा आयोगापुढे चालत नाही. ती राज्य आयोगाकडे न्यावी लागते.